अकराच्या आत

धामणखेड्यात जयवंताला नावानं हाक मारणारं माणूसच उरलं नव्हतं. मुलींच्या शाळेत बारा वर्षं शिकवता शिकवता तिचं नाव झिजून गेलं होतं आणि नुसतं 'बाई' तेवढं शिल्लक होतं. पोट्ट्या बाई म्हणत, पोट्ट्यांच्या आया बाई म्हणत. नवरा नत्थू वर्ध्याच्या जिनात कापसाचे बोझे वाहायचा. चौकटीला डोकं लागणारा गडी, पण घरात शिरताना तोही विचारी, "आमच्या बाई आल्या का शाळेतून?" सासू तानाबाई, जिला ती मामी म्हणे, तेवढी 'अवं पोरी' म्हणे, तेही रागात नसली तर.

शाळा चौथीपर्यंतची. चौथीच्या भूगोलात वर्धा जिल्हा संपला की पुस्तकही संपायचं. दरवर्षी एखादी पोरगी विचारीच, "बाई, याच्या पुढं काय हाय?" आणि दरवर्षी बाई म्हणत, "घंटा झाली, चला." बाईंना पुढचं ठाऊक नव्हतं असं नाही, थोडंथोडं ठाऊक होतं, आणि थोडंथोडं ठाऊक असणं हे काहीच ठाऊक नसण्यापेक्षा जास्त टोचतं. त्या टोचणीपायी जयवंता घरी बसून मॅट्रिकला बसली. गणितानं दोनदा पाडलं. तिसऱ्या खेपेला, अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात, ती पास झाली.

निकालाच्या दिवशी नत्थू भाकरीवर जवसाची चटणी घेऊन जेवत होता. तिनं हळूच विषय काढला.

"कॉलेजात नाव घालू का म्हणतो मी."

"घाल ना. मले काऊन विचारते? मी का प्रिन्सिपॉल हावो?"

चुलीपाशी तानाबाईचा हात थांबला. "अवं माय! दोन लेकरांची माय तू. आता पोट्ट्यायच्या मांडीले मांडी लावून बसशीन? लोकं काय म्हणतीन?"

"बाई म्हणतीन, मामी. आताही तेच म्हणून राह्यले."

नत्थू फस्सकन हसला आणि त्याला चटणीचा ठसका लागला. तानाबाईनं पाण्याचा गडू सरकवला, पण तोंड फिरवून.

वर्ध्याच्या कॉलेजात सकाळचे वर्ग होते, सात ते साडेनऊ. धामणखेड्याची शाळा भरायची अकराला. म्हणजे जमण्यासारखं होतं; पण सरकारी नोकर माणसानं परवानगीचा कागद घ्यावा लागतो. जयवंता शाळा चालवणाऱ्या जनपद सभेच्या ऑफिसात गेली. तिथले हेडक्लार्क बंडोपंत चष्मा कपाळावर चढवून कागद वाचायचे आणि माणसाशी बोलताना तो डोळ्यांवर घ्यायचे.

"बाई, साहेबांनी परवानगी दिली आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या गावचे रूपराव, शाळा समितीचे, त्यांची तक्रारही आली आहे. एक बाई दोन शाळा कशा करणार, असं त्यांचं म्हणणं."

"एकीत शिकवीन, एकीत शिकीन. दोन कुठी होते?"

बंडोपंत हसले नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांनी जरा जास्त वेळ घेतला. "साहेबांनी कागदावर अट घातली आहे. अकराची घंटा अकरालाच झाली पाहिजे. एक दिवस जरी चुकलात, तर हा कागद मला परत मागवावा लागेल. पुन्हा मिळेल असं समजू नका."

जयवंतानं कागद घडी करून पोलक्यात ठेवला. छातीशी तो दिवसभर टोचत होता.

घरी आल्यावर तिनं पाटी घेतली. धामणखेडा ते पवनार दोन मैल, शेतांमधली पांदणीची वाट. पवनार ते वर्धा पाच मैल, सडक. पवनारहून पहिली मोटार आठला. तिनं उजवीकडून मांडलं, डावीकडून मांडलं. ज्या गणितानं दोनदा पाडलं होतं तेच पुन्हा छाताडावर बसलं होतं. पायी निघालं तर जाणं जमे, येणं जमेना. मोटारीनं आलं तर येणं जमे, जाणं जमेना.

नत्थू मागं येऊन उभा राहिला. त्याला सहीपुरतं लिहिता येत होतं. पाटीकडे बघून तो म्हणाला, "यात सायकल कुठी हाये?"

"सायकल?"

"माही. जीन तं दिवाईपर्यंत बंद. मी निंदाले जातो वावरात, मले का तिथी सायकल लागते?" त्यानं पाटीवर बोट ठेवलं. "पांदणीतनं पायी जाजो. तिथी गाऱ्यात सायकल नाई चालत. तुयी मावसबहीण अन्नपूर्णा हाये ना पवनारले? तिच्या ओसरीत सायकल ठेवू. पवनारहून सडक. पाऊण घंटा."

"अन् चालवन कोण?"

"मी का कॉलेजात नाव घातलं?"

कॉलेज उघडायला अठरा दिवस होते.

गावची गुरं जिथं सकाळी गोळा होतात त्या गोठाणावर दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. नत्थूनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आता मी मास्तर अन् तू पोट्टी. छडी नाई आणली आज, पण आणीन बरं!" मग सीट धरून तो ओरडायला लागला, "पाय मार! पाय मार!"

"पण कसा मारायचा थे तं सांगा!"

"सांगाचं काय त्याच्यात? सोपं हाये. पाय मार!"

ती आडवी झाली. उठली. पुन्हा आडवी झाली. बारा वर्षं भागाकार न येणाऱ्या पोरींना ती 'सोपं आहे गं' म्हणत आली होती. ज्याला येतं त्याचंच ते सोपं, हे तिला त्या दिवशी गुडघा फुटल्यावर कळलं. त्या आठवड्यात शाळा उघडली, आणि तिसरीतली मंद म्हटली जाणारी शेवंता भागाकारात अडली तेव्हा बाई काही न बोलता तिच्याजवळ जाऊन बसल्या. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या, बाई आजारी आहे की काय म्हणून.

बघ्यांना तर सणच होता. विहिरीवरच्या बाया घागरी भरून झाल्या तरी हलत नव्हत्या. "बाई, त्यापरीस बैल जुपा वो, बसता तं येईन!" एकीनं आवाज दिला. शाळेतल्या पोरी सायकलमागं धावत आणि बाईंचीच शिकवण बाईंना परत करीत, "बाई, समोर पाहा! बाई, लक्ष कुठी हाये?" रूपराव एकदा शेताच्या धुऱ्यावरून जाताना थांबला. त्याची स्वतःची नात चौथीत होती. तो नत्थूला म्हणाला, "काऊन रे, बाईले सर्कशीत धाडतं का?" नत्थूनं सीट सोडली नाही. "नाई जी. कॉलेजात. थे जरा पुढं हाये सर्कशीच्या."

पण खरी अडचण दुसरीच होती. नाव घालायला गेली तेव्हा जयवंतानं कॉलेजातल्या मुली पाहिल्या होत्या. सगळ्या गोल पातळातल्या. एकीचाही काष्टा नव्हता. आपण नऊवारी लुगडं कासोटा मारून तिथं गेलो, तर बाजाराला आलेली बाई वाट चुकून वर्गात शिरली असं दिसेल, हे तिच्या मनानं घेतलं होतं. तिच्याजवळ एकच गोल पातळ होतं, पांढरंशुभ्र. दोन वर्षांआधी नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवसाचं. त्यासाठी सगळं घर निघालं होतं, तानाबाई लेकराला काखेत घेऊन, आणि परत आल्यावर ते पातळ धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवलं होतं. तेच नेसून कॉलेजला जायचं. म्हणजे तेच नेसून सायकल शिकायची.

नत्थूची सायकल मर्दानी, मधे दांडी असलेली. गोल पातळात दांडीवरून पाय टाकायचा कसा? एका दगडावर उभी राहून, निऱ्या एका हातात गोळा करून ती कशीबशी चढली. नत्थूनं सोडलं. दहा हात नीट गेली. "चालली! आमची बाई चालली!" तो ओरडला, आणि त्याच घडीला हातातल्या निऱ्या सुटल्या. पदर, निऱ्या, साखळी, सगळं एक झालं.

नत्थूनं सायकल उलटी करून पातळ सोडवलं तेव्हा वीतभर कापड साखळीनं चावून नेलं होतं आणि उरलेल्यावर काळं वंगण ढोपरापर्यंत चढलं होतं. बाया हसायच्या थांबल्या.  जयवंतानं सायकल नत्थूकडे दिली आणि पातळ धरून सरळ घरी चालत आली. दोनदा नापास झाली तेव्हा जी रडली नव्हती ती त्या दिवशी ओट्यावर बसून रडली.

"जाऊ द्या, मामी," ती म्हणाली. "तुमचंच खरं. मी नाई जात. दीक्षेचं पातळ होतं थे."

तानाबाईनं पातळ हातात घेतलं. उलटंपालटं केलं. वंगणाचा डाग नखानं खरवडून पाहिला.

"राखेनं नाई निंघत थे," ती म्हणाली. मग तिथंच बसली. "दीक्षेचं पातळ म्हणतं तू. थ्या दिवशी मी का पातळ घ्याले गेलती नागपूरले? तीन दिस भाकरी बांधून, लेकरू काखेत घेऊन? बाबासायबानं काय सांगतलं होतं? पेटीत पातळ ठेवा म्हून सांगतलं होतं का?"

"नाई."

"काय सांगतलं होतं?"

"शिका म्हून."

"मंग! शिकता शिकता फाटलं तं कामीच आलं ना थे." तिनं डोळ्याला पदर लावला आणि लागलीच सून बघते आहे हे ध्यानात येऊन नाक शिंकरलं. "अन् एक सांग, तुले अक्कल कोणं देल्ली गोल पातळ नेसून सायकलवर चढाची? लुगडं काऊन नाई नेसत? जवान होती तं कासोटा मारून झाडावर चढत होती मी, बोरं पाडाले. सायकल का झाडापरीस उच्ची हाये?"

"तिथी सगळ्या गोल पातळात येते, मामी. मले हासतीन."

"इथी नाई हासले का? मेली का तू?"



दुसऱ्या दिवशी जयवंता हिरव्या काठाचं, नेहमी शाळेत नेसायचं लुगडं घट्ट कासोटा मारून गोठाणावर आली. दगडाची गरज पडली नाही. पाय दांडीवरून सहज पलीकडे गेला. सायकल डुगडुगली, सावरली, आणि नत्थू मागं सीट धरून धावतो आहे या भरवशावर ती गोठाणाला पूर्ण वेढा घालून आली. आली तेव्हा नत्थू होता तिथंच उभा होता, कमरेवर हात ठेवून.  विहिरीवरची ती बैल जुपायला सांगणारी बाई म्हणाली, "मले बसवता का वो, बाई, एक डाव?"

शेवटचे आठ दिवस घाईचे गेले. जयवंतानं दौत-टाक नको म्हणून शाईची टिकडी घेतली आणि फाउंटन पेन कोणाचा तरी जुना मिळवला. पोरींच्या मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून, जाड दोऱ्यानं शिवून, तिनं तीन वह्या केल्या. सकाळी पोळपाटाशी मोठ्यानं इंग्रजी वाचू लागली, आणि तिचा सहा वर्षांचा पोरगा अर्थ न कळता ते तस्सं म्हणू लागला. दोन वेळा ती पूर्ण वाट जाऊन आली, कॉलेजच्या फाटकाला हात लावून परत. एकदा अकराला बारा मिनिटं कमी असताना पोचली, एकदा पाच. पाटीवर तिनं लिहून ठेवलं होतं: साडेनवाला निघालंच पाहिजे.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आत ती निघाली. पांदणीत चिखलाचा गारा घोट्याच्या वर होता. वहाणा हातात, वह्या डोक्यावर पदरात बांधून. अन्नपूर्णेनं पवनारला सायकल पुसून ओसरीतून बाहेर काढूनच ठेवली होती. "पाय धू आधी, अन् चहा घे."

"येताना घेतो!"

"येताना तुले कायचा वेळ राह्यते?" अन्नपूर्णा म्हणाली आणि तिच्या हातात एक केळं कोंबलं.

फाटकाशी पोचली तेव्हा सातला वीस मिनिटं होती. सायकली उभ्या करायच्या जागी पोट्ट्यांचा घोळका होता. लुगड्यातली बाई सायकलवरून उतरताना बघून तो घोळका बाजूला सरकला. जयवंतानं मान वर ठेवली आणि कुलूप लावलं. तेवढ्यात मागून हाक आली, "बाई!"

सुलोचना होती ती. पवनारच्या भैयाजींची पोरगी. आजोळ धामणखेड्याचं, म्हणून चार वर्षं तिथंच शिकलेली. बाईंच्या हाताखाली ती चौथी पास झाली होती. आता केसात फूल माळलेली, उंच झालेली.

"बाई, तुम्ही इथी? कोणाले पोचवाले आल्या?"

"मलेच," जयवंता म्हणाली.

सुलोचनाला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं बाईंच्या हातातल्या वह्या आपल्याकडे घेतल्या, शाळेत घ्यायची तशा, आणि वर्गापर्यंत नेल्या. तिच्या मैत्रिणी लुगड्याकडे बघत होत्या. सुलोचना मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "ह्या माह्या बाई."

वर्गात साठ-सत्तर जण होते. मुली समोरच्या बाकांवर, मुलं मागं. जयवंता तिसऱ्या बाकावर कडेला बसली.  मागं कोणीतरी कागदाचा गोळा फेकला, कोणी मांजराचा आवाज काढला. इतक्यात दारात इंग्रजीचे प्राध्यापक आले. बाकं करकरली, सगळा वर्ग धडधडत उभा राहिला. जयवंताही उभी राहिली. तो करकराट, ते उभे राहिलेले पाय, तो गलबला बारा वर्षं रोज सकाळी कानावर पडला होता, आणि त्यावर काय करायचं हे तिच्या तोंडाला डोक्यापेक्षा आधी ठाऊक होतं.

"बसा! खाली बसा सगळे! आवाज नको!"

खणखणीत. धामणखेड्यात नदीपर्यंत ऐकू जाई तो आवाज.

समोरच्या बाकावर सुलोचना टुणकन खाली बसली. तिच्यामागून मांजराचा आवाज काढणारा पोट्टाही बसला. बाकीचा वर्ग अर्धा वाकलेला, अर्धा उभा, आणि दारात प्राध्यापक हातातलं हजेरीपुस्तक धरून थबकलेले.

मग हशा फुटला. असा की कौलांवरची पाखरं उडाली. जयवंताला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पाय निघायला वळले सुद्धा. पण वळायचं तर मुलांच्या सगळ्या रांगांसमोरून जायचं होतं, आणि तिच्या वह्या अजून सुलोचनाजवळ होत्या. ती उभीच राहिली.

प्राध्यापकांनी हसू ओसरू दिलं. ते तिशीतले असावेत, तिच्याच वयाचे. "आपण कुठे शिकवता?" त्यांनी विचारलं.

"धामणखेड्याले. मुलींची शाळा, जी."

"किती वर्षं?"

"बारा."

"मला पाच झाली," ते म्हणाले, "आणि अजून हा वर्ग एका हाकेत बसलेला मी पाहिला नव्हता." त्यांनी मागच्या बाकांकडे पाहिलं. "बसा रे, बाईंनी सांगितलं ना? बाई, आपणही बसा. आपला नंबर आजपासून या वर्गात आहे."

हजेरी झाली. तिचं नाव आलं तेव्हा तिला क्षणभर कळलंच नाही. किती वर्षांनी कोणी तिला 'जयवंता नत्थू थूल' म्हणत होतं. "हजर," ती म्हणाली, मग सावरून, "प्रेझेंट, सर." पुढचे अडीच तास तिनं मान वर केली नाही. जे कळलं ते लिहिलं, जे नाही कळलं ते मराठी अक्षरात लिहून त्याखाली रेघ ओढली.

साडेनऊला ती उठली, पण वर्ग तिला उठू देईना. मुली भोवती जमल्या. मांजराचा आवाज काढणारा माफी मागायला आला. सुलोचनाला बाईंचं ग्रंथालयाचं कार्ड आजच काढून द्यायचं होतं. बोलता बोलता दारावरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. पावणेदहा.

"अवं माय!" म्हणून ती धावली ती थेट सायकलीपर्यंत.

सडकेवर ती किती जोरात गेली हे तिलाच सांगता आलं नसतं. एका बैलबंडीवाल्यानं हटकलं, "बाई, आग लागली का?" पवनारला सायकल ओसरीत ढकलून ती थांबली नाही, अन्नपूर्णा चहाचा कप हातात धरून बघत राहिली. पांदणीत मात्र धावता येईना. गारा पाय ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. अर्ध्यात ती पडली. वह्या उंच धरल्या म्हणून वाचल्या. लुगडं मांडीपर्यंत काळं झालं. पोलक्यातला कागद तिला आठवला. ती उठली आणि काठाकाठानं, कुंपणाच्या काट्यांना न जुमानता, निघाली.

शाळेच्या पायरीवर रूपराव बसला होता. बाजूला त्याची नात दप्तर मांडीवर घेऊन. बाकीच्या पोरी ओसरीत. वाटेकडे बघत होत्या.

जयवंता समोर आली. दम लागलेला, केस सुटलेले, ढोपराच्या वर चिखल. ती काही विचारण्याच्या आधी रूपराव उठला. सदऱ्याची बाही सारून त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग पुन्हा तिच्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ, जणू काही वाचतो आहे.

"तीन मिनटं कमी हाये," तो म्हणाला. त्यानं नातीला खूण केली. "जाय, बाईच्या पायावर पाणी घाल. घंटा मी देतो, अकरा झाले म्हंजे."

पोरगी तांब्या आणायला धावली. जयवंतानं वह्या कोरड्या जागी, खिडकीत ठेवल्या आणि पाय पुढं केला.